उशिरा आणि कमी दाबाने

पानशेतच्या डोंगरात पाऊस पडतो जुलैत. ऑगस्टात धरण भरतं, आणि मग ते पाणी तिथेच बसून गणपती बघतं, दिवाळी बघतं, संक्रांत बघतं. पुढच्या मे महिन्यात कधीतरी त्याचा नंबर लागतो. खडकवासल्याला येऊन, तुरटी आणि क्लोरीन पोटात घेऊन, रस्त्याखालच्या गंजक्या नळांतून वळसे घेत ते आमच्या ओट्यावरच्या पिंपात पडतं. हे दहा महिन्यांचं पाणी आमच्या घरी ‘ताजं’ असतं. एक रात्र पिंपात काढली की सकाळी ते ‘शिळं’ होतं. धरणाला दहा महिन्यांत जे साधलं नाही, ते आमच्या स्वयंपाकघरात आठ तासांत होतं.

शिळं पाणी ओतून द्यायचं असतं. का, ते विचारायचं नसतं. सकाळी नळ आला की आधी पिंप उपडं, मग माठ उपडा, मग तांब्याची कळशी चिंचेनं घासून उपडी, आणि मग सगळं नव्यानं भरायचं. ओतलेलं पाणी फार तर कुंडीतल्या तुळशीला जातं. पण तुळस एवढीशी आणि पिंप एवढं. सारं पाणी प्यायली तर ती बिचारी तिसऱ्या दिवशी कुजेल. म्हणून उरलेलं सिंकमध्ये.

पाणीबचतीची जेवढी पत्रकं मी आजवर वाचली, त्यांत दात घासताना नळ बंद करा, दाढी करताना मग वापरा, गाडी नळीनं न धुता बादलीनं धुवा असं सगळं असतं. शिळ्या पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पत्रक लिहिणाऱ्याच्या घरीही आई असते, हे त्याचं कारण असावं.

आता पुण्याचा गुरुवार घ्या. गुरुवार हा दत्ताचा वार आणि पाणीपुरवठा विभागाच्या देखभाल-दुरुस्तीचाही वार. मंगळवारच्या पेपरात चौकट येते: गुरुवारी अमुक अमुक भागात पाणी बंद, शुक्रवारी सकाळी पाणीपुरवठा उशिरा आणि कमी दाबाने होईल. नगरपालिकेच्या काळापासून आजपर्यंत पुणेकरांना दिलेल्या आश्वासनांपैकी तंतोतंत पाळलं जाणारं आश्वासन ते हेच. शुक्रवारी पाणी खरोखरच उशिरा येतं, आणि खरोखरच कमी दाबाने येतं.

ही चौकट वाचली की बुधवारी संध्याकाळी आमच्या इमारतीत युद्धपातळीवर भरणी सुरू होते. घरातलं जे जे पोकळ, ते ते भरायचं. बादल्या, टब, पिंप हे झालं नेहमीचं सैन्य. त्यानंतर राखीव दल बाहेर पडतं: पातेली, कुकर, थर्मास, पोरांच्या शाळेच्या बाटल्या, माळ्यावरचा बंब, आजेसासूबाईंच्या लग्नातलं पितळी घंगाळ. एका वर्षी शेजारच्यांनी फुलदाणीही भरून ठेवलेली मी पाहिली आहे. गुरुवारी ती लागली तर पाणी प्यायचं कसं, याचा विचार त्यांनी केला नव्हता. पण भरून ठेवल्यानं मनाला जो धीर येतो त्याचं मोल वेगळंच.

यात एक गंमत आहे. महापालिकेनं गुरुवारी पाणी बंद ठेवलं, तरी आमच्या गच्चीवरची टाकी बुधवारी काठोकाठ भरलेली असते. जपून वापरलं तर ती गुरुवार सहज निभावून नेते. पण चाळीसच्या चाळीस घरं बुधवारी संध्याकाळी एकाच वेळी कुकरपासून घंगाळापर्यंत सगळं भरत सुटतात, त्यामुळे टाकी बुधवारी रात्रीच कोरडी पडते. म्हणजे पालिकेनं गुरुवारसाठी जाहीर केलेला पाणीबंद आम्ही आदल्या रात्रीच उरकून टाकतो.

गुरुवारी मग सगळे काटकसरीनं राहतात. एवढं पाणी भरून ठेवलेलं असतं की ते वापरायलाच जीव धजावत नाही. न जाणो, शुक्रवारीही आलं नाही तर? घंगाळाला कुणी हात लावत नाही. शुक्रवारी दुपारी नळ खोकतो, चार वेळा हवा सोडतो, आणि चहाच्या रंगाचं पाणी सोडू लागतो. त्याबरोबर घरोघरी एकच घाई उडते: कालचं शिळं पाणी ओता! बादल्या, पातेली, बंब, घंगाळ, सगळं धडाधड मोरीत रिकामं होतं, आणि त्या जागी नवं पाणी भरलं जातं. गढूळ असतं, पण ताजं असतं.

पाणी बंद ठेवल्यानं शहराचं पाणी वाचतं असं ज्या कुणा अधिकाऱ्याला वाटत असेल, त्यानं एखाद्या शुक्रवारी आमच्या मोरीपाशी येऊन उभं राहावं.

याच लोकांना धरणाची चिंता नाही असं मात्र समजू नका. धरणाची जितकी चिंता पुणेकर करतो तितकी पाटबंधारे खात्याचा शाखा अभियंताही करत नसेल. सकाळी टेकडीवरून उतरणारे निवृत्त लोक हवापाण्याच्या गप्पा मारत नाहीत, टीएमसीच्या मारतात. “टेमघर अजून रिकामंच हो!” “पण वरसगावनं मारलीय मुसंडी.” चार धरणांची मिळून क्षमता साधारण २९ टीएमसी, हा आकडा पुण्यात बाराखडीनंतर लगेच शिकवतात. टीएमसी म्हणजे नक्की किती, ते मात्र विचारू नये. विचारलं तर विषय कालव्याच्या गळतीवर नेला जातो.

मी एकदा कागदावर गणित मांडलं. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी पुरे, असं सरकारी मोजमाप. त्या हिशेबानं पन्नास लाख माणसांना एक टीएमसी जवळपास सहा आठवडे पुरायला हवं. पुण्याला ते तेवढं पुरत नाही. पुणं ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलतं अशी पाटबंधारे खात्याची तक्रार आहे. महापालिकेचं त्यावर उत्तर आहे, आणि हा पत्रव्यवहार कित्येक वर्षं चालू आहे. धरणांच्या खालच्या बाजूला दौंड आणि इंदापूरचा शेतकरी कालव्याच्या काठावर उभा राहून आवर्तनाची वाट बघतो. आमच्या इमारतीतल्या बुधवारच्या घंगाळाचा आणि त्याच्या उसाचा काही संबंध आहे, हे त्याला माहीत आहे. आम्हाला नाही.

नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ टाकून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. वाटेत पेठापेठांतून हौद बांधले. लोक हौदावर यायचे, घागर बुडवायचे, आणि खांद्याला पेलेल तेवढंच घरी न्यायचे. पाणीबचतीची याहून चोख यंत्रणा नंतर कुणाला सुचलेली नाही. पाणी स्वतः उचलून आणावं लागलं की ते किती लागतं याचा अंदाज माणसाला अचूक येतो. आता काळा हौद, फडके हौद ही नावं रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली. पाणी वरच्या मजल्यावर आपलं आपण चढतं, आणि खांद्याला काही कळत नाही.

खांद्याला कळणाऱ्यांपैकी एक माणूस आमच्या घरी दर उन्हाळ्यात येतो. माझी आत्या. ती मनमाडची. मनमाड जंक्शनात रात्रंदिवस गाड्या येतात, नळाला पाणी मात्र वाईट उन्हाळ्यात पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी यायचं. अशा गावात तिचा संसार झाला. आत्या घरात पाऊल टाकते, पाय धुते, आणि धुताना खाली घमेलं ठेवते. ते पाय धुतलेलं पाणी ती गॅलरीतल्या जास्वंदीला घालते. मग पदर खोचून घराची तपासणी करते. कंपनीचे ऑडिटर परवडले, ते निदान चहा घेऊन शांत होतात.

पहिल्याच सकाळी तिनं बायकोला पिंप उपडं करताना पकडलं.

“अगं, काय करतेस?”

“शिळं पाणी आहे आत्या, कालचं.”

“कालचं?” आत्यानं तोंडाला पदर लावला. “अगं, आमच्याकडे पाणी शिळं होत नाही. संपतं.”

तिच्याकडे पंधरा दिवसांपूर्वीचं पाणी पिंपात असतं, पिंपाच्या तोंडाला धुवट धोतराचं दुपदरी फडकं आवळून बांधलेलं असतं, पाणी काढायला दांड्याचं ओगराळं असतं आणि त्यात हात बुडवणाऱ्याला रट्टा असतो. झाकून ठेवलेलं पाणी बिघडत नाही, हे तिला कुणी शास्त्रज्ञानं येऊन सांगितलं नाही. पाणी भरून ठेवण्यात भीती आहे ती उघड्या भांड्याची. डेंग्यूचा डास उघड्या साठवणीत अंडी घालतो आणि त्याला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर लागतो. म्हणून तर आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतं. आठवड्यातून एक! आम्ही रोज पाळतो, आणि गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत महिनोन्‌महिने पाणी तसंच ठेवतो. त्या ताटल्यांतलं पाणी शिळं होत नसावं.

मग आत्या न्हाणीघराकडे वळली. आमचे चिरंजीव शॉवरखाली होते. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. चिरंजीव त्याखाली उभे राहून आधी जागे होतात, मग विचार करतात, मग एक अख्खं गाणं म्हणतात, आणि त्यानंतर साबण शोधतात. आत्या दाराबाहेर पाटावर बसून राहिली. तिची स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीत होते, आणि त्यातही शेवटचे दोन तांबे उरतात ते पायपुसणं धुवायला. चिरंजीव बाहेर आल्यावर तिनं त्याच्या अंगाला हात लावून पाहिला. “एवढं पाणी गेलं,” ती म्हणाली, “आणि मानेवर मळ तसाच.”

गिझरचा नळ हा तिचा दुसरा राग. गरम पाणी नळातून लगेच येत नाही. नळीत थांबलेलं गार पाणी आधी बाहेर पडतं आणि आपण बोट धरून ते वाहून जाऊ देतो. आत्यानं तिथे एक बादली कायमची बसवली. रोज सकाळी ती बादली अर्धी भरते. गेली कित्येक वर्षं हे पाणी कुठे जात होतं हा प्रश्न तिनं विचारला. त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणीच दिलं नाही.

फ्लशपाशी मात्र ती हतबुद्ध झाली. आमच्या जुन्या फ्लशची टाकी एका दट्ट्यात दहा-बारा लिटर पाणी सोडते. मी तिला समजावलं की आता नवीन टाक्या येतात, त्यांना दोन बटणं असतात, लहान कामाला तीन लिटर, मोठ्याला सहा. तशी टाकी आम्ही पाहुण्यांच्या न्हाणीघरात बसवली आहे. पण कुठलं बटण लहान आणि कुठलं मोठं हे बटणांवर लिहिलेलं नसतं, आणि पाहुणा माणूस यजमानाला ते विचारत नाही. तो सुरक्षित मार्ग म्हणून दोन्ही दाबतो, आणि न जाणो काही राहिलं असलं तर, म्हणून पुन्हा एकदा दाबतो. जुन्या टाकीला एक स्वस्त उपाय आहे. प्लॅस्टिकची लिटरची बाटली पाण्यानं भरून, बूच लावून टाकीत उभी करायची. दर वेळी लिटरभर पाणी कमी जातं. आत्यानं दोन ठेवल्या. वीट ठेवू नका. ती विरघळून खालचा रबर खराब करते आणि मग टाकी अहोरात्र गळत राहते.

सर्वांत मोठी लढाई आरओवर झाली. आरओ यंत्र एक पेला शुद्ध पाणी देताना दोन-तीन पेले पाणी बारक्या नळीतून बाहेर टाकून देतं. आत्याला हे यंत्राचं काम आहे असं वाटेना, बिघाड आहे असंच वाटलं. “हे तर गळतंय!” आता खरं सांगायचं तर खडकवासल्याचं पाणी मुळातच हलकं आहे. क्षार काढायला त्यात क्षार हवेत ना? पाण्यातले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली केंद्र सरकारला सांगितलं होतं. धरणाचं पाणी पिणाऱ्या शहरात आरओ हा बहुतेक घरी निव्वळ दागिना आहे. पण तो विकायला आलेला मुलगा मोठा कसबी होता. त्यानं आमच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, त्यात विजेच्या दोन कांड्या बुडवल्या, आणि दोन मिनिटांत पाणी पिवळं, मग तांबूस, मग गटारासारखं काळपट झालं. “बघा काका, हे तुम्ही पिता!” घरात एकच हाहाकार. त्या कांड्या लोखंडाच्या होत्या आणि विजेनं त्यांचाच गंज पाण्यात उतरत होता. हे आठवीतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, पण आठवीतली पोरं त्या वेळी शाळेत होती.

आत्यानं यंत्राच्या त्या बारक्या नळीखाली कळशी लावली. त्या पाण्यानं फरशी पुसली जाते, गाडी पुसली जाते. पिण्याच्या पाण्याची ही दुप्पट-तिप्पट दक्षिणा निदान आता मोरीत जात नाही.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी आहेत. आत्या येईपर्यंत घरातल्या पाण्याच्या नासाडीचा संपूर्ण दोष त्यांच्याकडे होता. त्या भांडी घासताना नळ मोठा सोडतात, हे सत्य आहे. आत्यानं त्यांना गाठलं. दोघींचं ओट्यापाशी अर्धा तास काहीतरी चाललं, आणि त्यातून जे बाहेर आलं ते ऐकण्यासारखं होतं. मावशींच्या वस्तीत नळ सकाळी तासभर येतो. सार्वजनिक नळ, पुढे हंड्यांची रांग. त्या घरची सगळी भांडी दोन पातेल्यांत विसळतात, एकात साबण निघतो, दुसऱ्यात स्वच्छ, आणि दुसऱ्या पातेल्यातलं पाणी संध्याकाळी पहिल्या पातेल्याचं काम करतं. “मग इथे का गं नळ सोडतेस?” आत्यानं विचारलं.

“मी पयल्यांदा केलं होतं की तसंच,” मावशी म्हणाल्या. “वहिनी बोलल्या, वाहत्या पाण्यातच धुवा मावशी, बुडवून काढलेली भांडी घाण वाटतात.”

यावर घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. माझ्या मते पाणीबचतीची सारी विद्या या शहरात मावशींच्या वस्तीत आहे, आणि व्याख्यानं आमच्या क्लबहाऊसमध्ये होतात.

आम्हाला कुणी विचारलं, तर टंचाई म्हणजे काय ते आम्ही लातूरचं नाव घेऊन सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं. पाण्याच्या टाक्यांपाशी आणि विहिरींपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदी लावली. हंडे घेऊन घोळका उभा राहिला की कायदा मोडला! एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा डबे होते आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं.  पुढे डबे पन्नास झाले. त्या पहिल्या गाडीचं पाणी सगळ्या शहरात सारखं वाटलं असतं तर माणशी लिटर-सव्वा लिटर आलं असतं. माझ्या घरी रोज सकाळी त्याहून जास्त पाणी वयोमानामुळे बाद होतं.

त्याच वर्षी हायकोर्टानं आयपीएलचे सामने एप्रिलअखेरनंतर महाराष्ट्राबाहेर घालवले, मैदानांना पाणी लागतं म्हणून. आमच्या सोसायटीत तेव्हा दुष्काळाची झळ पहिल्यांदा बसली. सामने टीव्हीवरच बघायचे होते, पण तरी.

आता सोसायटी. सोसायटीच्या पाण्याचा कारभार वॉचमन, मोटर आणि एक भोंगा असे तिघे मिळून बघतात. भोंगा म्हणजे टाकी भरली की हिंदीत बोलणारी बाई. ‘पानी की टंकी भर गई है, कृपया मोटर बंद कीजिए’ हे ती इतक्या मार्दवानं सांगते की ऐकणाऱ्याला घाई वाटत नाही. वॉचमन तेव्हा कुणाचं तरी पार्सल वर पोचवायला गेलेला असतो. बाई सांगत राहते, गच्चीवरून धबधबा सुरू होतो, आणि खाली लावलेल्या गाड्या आपोआप धुऊन निघतात. टाकीला तरंगता गोळा असतो, तो पाणी चढलं की नळ बंद करतो. आमचा गोळा कधीतरी तुटला. त्याची किंमत एका टँकरच्या पावपटही नाही. पण टँकरला मंजुरी सचिव देऊ शकतात, गोळ्याला तीन कोटेशनं लागतात.

छतावरचं पावसाचं पाणी जिरवायची आमची सोयही आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळवायला बिल्डरनं ती केली होती. गच्चीवरून एक जाड पाइप खाली येतो, जमिनीत शिरतो आणि तिथे संपतो. पुढे खड्डा आहे की नाही हे बघायला खणावं लागेल आणि खणायचं तर फरशा निघतील. या पाइपामुळे मिळकतकरात सूट मिळते. पाऊस पडला की पाणी त्या पाइपाच्या बाजूनं वाहत रस्त्यावर जातं.

मे महिन्यात टँकरचं बिल वाढलं तेव्हा विशेष सभा बोलावली गेली. सभेत सगळे पाणी वाचवण्याच्या बाजूचे होते. बी विंगच्या मते पाणी ए विंग संपवते, कारण ए विंगचे लोक गाड्या धुतात. ए विंगच्या मते बी विंगमध्ये भाडेकरू आहेत. तळमजल्याच्या मते वरचे मजले, आणि वरच्या मजल्यांच्या मते आमच्यापर्यंत पाणी पोचतच नाही तर आम्ही संपवू कसं. एका निवृत्त प्राध्यापकांनी हिवरे बाजारचं उदाहरण दिलं. तिथे पावसाळा संपला की गावातलं पाणी मोजतात, ग्रामसभेत ताळेबंद मांडतात, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात, आणि उरलेल्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. सगळ्यांनी मान हलवली. “आपल्याकडे पिकं नाहीत,” असं खजिनदारांनी निदर्शनास आणलं, आणि तो मुद्दा संपला.

मग चौथ्या मजल्यावरच्या एका तरुण बाईंनी खरा प्रश्न विचारला. पाण्याचं बिल कसं वाटतात? घराच्या चौरस फुटांवर. म्हणजे एकटी राहणारी आजी आणि तिच्या शेजारचं सहा माणसांचं, दोन शॉवरचं कुटुंब, दोघांचं घर सारखं तर बिल सारखं. आजीनं बादली वाचवली तर तिचे पैसे वाचत नाहीत, शेजाऱ्याचा शॉवर लांबतो. “वाचवणाऱ्याला काहीच मिळत नसेल तर कोण वाचवेल? घरोघरी मीटर बसवा, बाकी सगळं आपोआप होईल.” त्या बाईंच्या बोलण्याला एकाही तर्कानं उत्तर देता आलं नाही, म्हणून ते पुढच्या सभेवर ढकलण्यात आलं. तांत्रिक अडचण खरीही आहे. जुन्या इमारतीत एका घराला एक नळ नसतो. स्वयंपाकघराचा वेगळा उतरता पाइप, दोन न्हाणीघरांचे दोन वेगळे. एका घराला तीन-तीन मीटर लागतात. खर्च आहे. पण अडचण खरोखर खर्चाची होती असं मला वाटत नाही. मीटर बसला की कुणाचा किती खप ते कागदावर येतं, आणि मग ए विंगला बी विंगबद्दल नुसता संशय ठेवून चालणार नाही.

सभेनं एकमतानं मंजूर केलं ते एवढंच: जिन्यात पाणीबचतीचा फलक लावावा. फलक लागला. मोठा, रंगीत फ्लेक्स, त्यावर एक थेंब आणि थेंबात पृथ्वी. धूळ बसू नये म्हणून जिन्याबरोबर तोही दर रविवारी नळीनं धुतात.

मीटरचा विषय तेव्हापासून प्रत्येक वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर असतो, ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ याच्या बरोबर एक ओळ वर. तिथपर्यंत सभा पोचते तेव्हा बटाटेवडे आलेले असतात. वाचकांपैकी कुणाच्या जुन्या इमारतीत घरोघरी मीटर बसले असतील, तर त्यांनी हा ठराव कसा मंजूर करून घेतला ते आम्हाला जरूर कळवावं. किती वाचलं ते सांगितलं नाही तरी चालेल. वडे सभेच्या आधी दिले होते की नंतर, एवढं मात्र नक्की लिहा.